सहीआधीची सात मिनिटं

पाठीवरचा पाच मिलिमीटरचा तीळ काढून घेतलेल्या माणसाला खरा धक्का बसतो तो टाके काढायच्या दिवशी. आरशाकडे पाठ करून, मान वळवून तो बघतो, तर तिळाच्या जागी जवळजवळ दोन सेंटीमीटरची सरळ रेघ. डॉक्टरांचं काही चुकलेलं नसतं. गोल कापलेली जखम तशीच शिवली तर दोन्ही टोकांना कातडीच्या चुण्या उभ्या राहतात. त्या राहू नयेत म्हणून छेद डोळ्याच्या आकाराचा घेतात आणि त्याची लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट ठेवतात. त्वचेची शस्त्रक्रिया शिकणाऱ्याला हे अगदी सुरुवातीलाच कळतं. रुग्णाला मात्र ‘बारीक खूण राहील’ एवढंच सांगितलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं. सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रेघ असते, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ठिपका असतो, आणि एकाच कागदावर दोघांच्या सह्या असतात.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या तेराव्या कलमानुसार दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थानं राजी झाली, तर ती संमती. तो कायदा जमीनजुमल्याच्या आणि मालाच्या व्यवहारांसाठी केलेला, पण या तिळालाही तो चपखल बसतो. ठिपक्याला दिलेला होकार रेघेला लागू करता येत नाही.

आता हेच पंधरा सेकंदांत दाखवून बघा. मार्करनं तिळाभोवती आखलेली आकृती आणि शेजारी धरलेली मोजपट्टी. मग टाके घातलेली जखम. मग दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, वर्षानं तीच जागा. एवढ्यानं ‘बारीक’ म्हणजे किती, हा प्रश्नच उरत नाही. शस्त्रक्रियेची संमती घेण्याआधी रुग्णाला व्हिडिओ दाखवण्याची पद्धत वैद्यकाच्या अनेक शाखांत वापरून पाहिली गेली आहे, पण त्वचेच्या बाबतीत तिचा उपयोग वेगळाच आहे. पित्ताशय काढलेल्या माणसाला आत काय झालं ते कधी दिसत नाही. गालावरची गाठ काढलेला माणूस मात्र रोज सकाळी दाढी करताना तो निकाल बघत असतो.

आपल्याकडे संमती कशी घेतली जाते ते एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात सकाळी अकराच्या सुमाराला उभं राहून बघावं. हातात केस पेपर धरून बाकड्यावर सरकणारी रांग, आत एका टेबलाशी एकाच वेळी दोन-तीन रुग्ण. लहान शस्त्रक्रियांच्या खोलीबाहेर सिस्टर नाव पुकारतात, छापील कागद पुढे करतात आणि सही कुठे करायची तिथे पेनानं फुली मारून देतात. “इथे तुमची, खाली नातेवाइकांची.” पुष्कळ ठिकाणी हा कागद इंग्रजीत असतो. त्यातलं शेवटचं वाक्य असं की, वरील सर्व मजकूर मला समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आला आहे. तेही इंग्रजीतच! यात कुणाचा दुष्टपणा नसतो. निवासी डॉक्टरला जेवणाच्या सुट्टीपर्यंत यादी संपवायची असते आणि चामखीळ, तीळ, बायोप्सी ही कामं त्याच्या लेखी किरकोळ असतात. किरकोळ मानलेल्या कामाची संमती सगळ्यात घाईत घेतली जाते, हे ओघानं आलंच.

बरं, निवांत बसून नीट सांगितलं तरी किती लक्षात राहतं? डच मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांनी २००३ साली या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेचच विसरतात, आणि जी आठवते तिच्यातली जवळपास निम्मी चुकीची आठवते, असं त्यांनी नोंदवलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या त्वचाशल्यकांनीही एक पाहणी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेआधी सांगितलेल्या धोक्यांपैकी वीस मिनिटांनी रुग्णांना जेमतेम पाव धोके आठवत होते, आणि आठवड्यानं विचारलं तेव्हाही आकडा तसाच होता. या दुसऱ्या भागाकडे सहसा लक्ष जात नाही. जे विसरायचं ते वीस मिनिटांतच विसरून झालेलं असतं. म्हणजे दोष नुसत्या स्मरणशक्तीचा नाही. घाबरलेल्या माणसाच्या कानावरून शब्द जातात, आत उतरतच नाहीत. ‘कॅन्सर असू शकतो’ हे तीन शब्द एकदा ऐकले की पुढची पाच मिनिटं डॉक्टर स्वतःशीच बोलत असतात.

इथे व्हिडिओची बाजू बळकट होते. तो सकाळच्या पहिल्या रुग्णाला जे सांगतो तेच दुपारी शेवटच्याला सांगतो, वाक्य गाळत नाही, कंटाळत नाही. रुग्ण तो थांबवू शकतो, मागे नेऊ शकतो, घरी नेऊन मुलीला दाखवू शकतो. शिक्षणाच्या मानसशास्त्रात रिचर्ड मेयर यांनी वर्षानुवर्षं केलेल्या प्रयोगांचा रोखही हाच आहे: नुसत्या शब्दांपेक्षा शब्द आणि चित्र एकत्र आले तर समज वाढते. मात्र चित्र चालू असताना तोच मजकूर पडद्यावर छापून वाचायलाही लावला, तर ती कमी होते. आपल्याकडची माहितीपटवजा सरकारी चलचित्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही शेवटची सूचना कुणासाठी आहे ते सांगायला नको.

पाश्चात्त्य देशांत या प्रयोगांना बळ मिळालं ते त्वचेच्या कर्करोगामुळे. गोऱ्या कातडीत उन्हामुळे होणारा हा कर्करोग तिकडे इतका सर्रास आहे की त्याच्या शस्त्रक्रिया बाह्यरुग्ण विभागातच उरकतात. त्यांतली ‘मोह्ज’ नावाची पद्धत समजावून सांगायला फार अवघड. १९३० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये वैद्यकाचं शिक्षण घेत असताना फ्रेडरिक मोह्ज यांना तिची कल्पना सुचली. गाठ एकदम न काढता पातळ थर कापायचा, त्याची संपूर्ण कड तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, आणि जिथे रोग उरला असेल नेमक्या तिथूनच पुढचा थर घ्यायचा. जखमेवर तात्पुरती पट्टी लावून रुग्ण बाहेर बसतो, पुन्हा आत जातो, पुन्हा बाहेर येतो. किती फेऱ्या होतील आणि शेवटी नाकावर केवढा खड्डा पडेल, हे सकाळी कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे ज्या जखमेचं माप अजून ठरलेलं नाही तिला होकार द्यायचा. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांनी या शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी आणि नंतरच्या निगेसाठी खास व्हिडिओ बनवले आणि तो अनुभव २००८ साली लिहिला. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हातात धरायच्या छोट्या पडद्यावर संमतीचा आणि जखमेच्या निगेचा व्हिडिओ दाखवून रीतसर तुलना केली. काही रुग्णांना व्हिडिओ, काहींना नेहमीसारखं तोंडी, आणि कुणाला काय ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं. व्हिडिओ पाहिलेल्यांच्या माहितीत अधिक भर पडलेली दिसली.

सगळ्या प्रकारच्या शस्त्रक्रियांबद्दल असे साठाहून अधिक प्रयोग एकत्र करून कॉक्रेन संस्थेनं २०१३ साली आढावा काढला. त्यात पत्रकं, संगणक आणि व्हिडिओ असे नाना उपाय होते. निष्कर्ष दोन ओळींत सांगता येतो. जादा मदत मिळाली की रुग्णांना जास्त कळतं, आणि जास्त कळल्यामुळे त्यांची धास्ती वाढत नाही. ‘सगळं सांगितलं तर पेशंट घाबरून पळून जाईल’ ही आपल्या डॉक्टरमंडळींची लाडकी सबब या दुसऱ्या निष्कर्षापुढे टिकत नाही. एवढं मात्र खरं की व्हिडिओनं ज्ञान वाढतं म्हणजे निर्णय आपोआप शहाणा होतो असं नाही. प्रश्नावलीत गुण मिळवणं आणि ‘हे मला हवंय का’ याचं उत्तर सापडणं यांत अंतर राहतंच.

ते अंतर किती, हे बघायला कोडासारखं उदाहरण नाही. आपल्या भागात कोडाचा त्रास कातडीला कमी आणि घराला जास्त असतो. पांढरा डाग दुखत नाही, खाजत नाही, संसर्गानं पसरत नाही. पण मुलीच्या ओठावर तो दिसला की स्थळं बघणं थांबतं आणि ‘ऑपरेशननं जातो म्हणे’ ही बातमी कुठल्या तरी मावशीकडून घरात येते. औषधांना आणि प्रकाशोपचाराला न जुमानणाऱ्या डागांवर शस्त्रक्रिया करतात हे खरं आहे. पंच ग्राफ्टिंगमध्ये मांडीच्या किंवा कुल्ल्याच्या निरोगी कातडीतून एक ते दीड मिलिमीटरच्या बारीक चकत्या काढतात आणि डागात तेवढीच छिद्रं पाडून त्या बसवतात. वरून घट्ट पट्टी, आठवडाभर तो भाग हलवायचा नाही. ओठावर केलं असेल तर बोलणं-चावणं जपून. तीन-चार आठवड्यांनी एकेका चकतीभोवती रंग पसरू लागतो आणि वर्तुळं एकमेकांना भिडायला काही महिने जातात. दुसऱ्या पद्धतीत निरोगी कातडीच्या एका पातळ पापुद्र्यातून रंगपेशी सुट्या करून त्यांचं द्रावण डागावर पसरतात. त्यात घेतलेल्या कातडीच्या सुमारे दहापट जागा झाकता येते.

या शस्त्रक्रियेचा व्हिडिओ बनवायला बसलं की कळतं, की दाखवण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं जे आहे ते कुणालाच दाखवायला आवडणार नाही. चकत्या कधीकधी कातडीच्या पातळीला येत नाहीत, उंच राहतात, आणि बोट फिरवलं तर खडबडीत लागतं. रंग येतो पण शेजारच्या कातडीहून गडद येतो. कधी दोन चकत्यांमध्ये पांढरी जागा उरते. आणि रोग अजून अंगात चालू असेल तर जिथून कातडी घेतली त्या मांडीवरच नवा डाग उठू शकतो. म्हणून किमान वर्षभर नवा डाग आलेला नाही आणि जुना वाढलेला नाही, असा रोग स्थिर असल्याशिवाय हात लावू नये, हा भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांचा पहिला दंडक आहे. बोटांची टोकं, कोपर, गुडघा इथे यश कमी. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखं आलेलं आणि तिथेच थांबलेलं कोड असेल तर यश चांगलं. हे सगळं तोंडी सांगितलं तर घरच्यांना त्यातलं एकच वाक्य ऐकू येतं: यश चांगलं.

माझ्या मते संमतीच्या व्हिडिओची खरी परीक्षा इथे आहे. त्यात ठीकठाक जमलेला निकाल दिसतो का? सर्वोत्तम निकाल तर कोणीही दाखवेल. खडबडीत राहिलेली कातडी, वेगळा रंग, मांडीवरच्या खुणा हे पडद्यावर पुरेसा वेळ ठेवलेलं आहे का? आणि ‘काहीच केलं नाही तर काय होईल’ या प्रश्नाला निदान एक मिनिट दिलेलं आहे का? बहुतेक तिळांचं, मसांचं, कोडाच्या डागांचं उत्तर असं आहे की काही केलं नाही तर प्रकृतीला काहीही होणार नाही. डाग झाकणारी क्रीमं मिळतात, प्रकाशोपचार पुढे चालू ठेवता येतो, किंवा आहे तसं राहता येतं. व्हिडिओ बघून काही लोक ‘मग राहू दे’ म्हणून उठून गेले पाहिजेत. एकही जण उठून जात नसेल, तर ती जाहिरात आहे.

आणि जाहिरातींना तर ऊत आला आहे. क्लिनिकांच्या इन्स्टाग्राम खात्यांवरचे आधीचे-नंतरचे फोटो लग्नाच्या बायोडेटातल्या फोटोसारखे असतात: खोटे नसतात, निवडलेले असतात. आधीच्या फोटोत ट्यूबलाइटचा उजेड, चेहऱ्यावर तेल. नंतरच्या फोटोत खिडकीचा मऊ प्रकाश. केसांचं प्रत्यारोपण, लेझर, मस काढणं या सगळ्यांच्या रीलना पार्श्वसंगीत असतं. गुंतागुंतीला संगीत कुणी देत नाही. रुग्ण ओपीडीत येतो तोवर हे पन्नास वेळा बघून आलेला असतो. म्हणजे व्हिडिओ दाखवायचा की नाही हा प्रश्न आता उरलेलाच नाही, व्हिडिओ त्यानं आधीच बघितलेला आहे; प्रश्न आहे तो कुणी बनवलेला बघितला याचा. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ च्या सप्टेंबरात सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केशरोपणाबद्दल ज्या सूचना काढल्या, त्यांत कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून घेतलेलं शिक्षण या शस्त्रक्रिया करायला पुरेसं नाही, असं डॉक्टरांना बजावावं लागलं. रुग्णांच्या आधी डॉक्टरांनाच व्हिडिओपासून सावध करावं लागलं, यावरून काय ते समजावं.

परदेशी व्हिडिओ उतरवून त्यावर मराठी आवाज चढवण्याचा मोह सोपा आहे, पण त्वचेच्या बाबतीत तो फसवा ठरतो. तिकडच्या पडद्यावर गुलाबी कातडीवरची रेघ वर्षभरात फिकट पांढरी होऊन मिसळून जाते. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर जखमेची जागा कित्येक महिने काळसर राहू शकते. शिवाय आपल्याकडे केलॉइडची भीती अधिक, म्हणजे वण जखमेच्या बाहेर पसरत जाऊन गाठीसारखा वाढणं. छातीचा मधला भाग, खांदा, कानाची पाळी या त्याच्या ठरलेल्या जागा. कान टोचल्यावर आलेली केलॉइडची गाठ ‘कापून टाका’ म्हणून येणाऱ्या बाईला हे सांगायला हवं, की नुसतीच कापली तर ती परत येण्याचं प्रमाण ४५ ते १०० टक्के इतकं नोंदवलेलं आहे, आणि म्हणूनच कापण्यासोबत इंजेक्शनांचा किंवा दुसरा उपचार महिनोन्‌महिने चालवावा लागतो. ज्या कातडीवर शस्त्रक्रिया होणार तशीच कातडी पडद्यावर दिसली पाहिजे. आणि ज्यांची दिसेल त्यांचीही वेगळी परवानगी हवी. उपचारासाठी काढून ठेवलेला फोटो दुसऱ्यांना दाखवण्याचा हक्क उपचाराच्या सहीत येत नाही.

कायद्याची बाजू आपल्याकडे बऱ्यापैकी स्पष्ट झाली ती एका स्त्रीरोगाच्या प्रकरणात. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा खटला, निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, १६ जानेवारी २००८. दिल्लीतली ४४ वर्षांची अविवाहित बाई १९९५ साली दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होती. डॉक्टरांनी आत रोग पाहिला, बाहेर येऊन तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. न्यायालय म्हणालं, सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाच्या जागी आईचा होकार चालत नाही, आणि तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे. डॉक्टरांनी काय काय सांगायला हवं तेही न्यायालयानं नमूद केलं. उपचाराचं स्वरूप आणि हेतू, फायदे, दुसरे पर्याय, मोठे धोके, आणि उपचार न घेतल्यास काय होईल. लाखात एखाद्याला होणारी दुर्मिळ गुंतागुंत सांगितलीच पाहिजे असा आग्रह मात्र धरला नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली माँटगोमेरी खटल्यात याच्या पुढचं पाऊल टाकलं. धोका सांगण्याजोगा आहे की नाही हे डॉक्टरांच्या प्रघातावरून न ठरवता, त्या रुग्णाच्या जागी असलेल्या माणसाला तो महत्त्वाचा वाटेल का, यावरून ठरवायचं. गळ्याजवळची दोन सेंटीमीटरची खूण शेतकऱ्याला नगण्य असेल आणि भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीला नसेल. कुठलाही आधी बनवून ठेवलेला व्हिडिओ ही निवड करू शकत नाही. त्यासाठी समोर माणूस लागतो.

दिल्लीच्या त्या निकालातला आईचा मुद्दा कोडाच्या संदर्भात मला फार लागू वाटतो. एकोणीस वर्षांची मुलगी डॉक्टरांसमोर बसलेली असते आणि बोलतात आई नाहीतर मामा. “लग्नाचं बघतोय, लवकर करून टाका.” सही मुलीचीच लागते, पण मनातलं विचारायला कुणी तिला एकटीला गाठत नाही. व्हिडिओ तिला तिच्या फोनवर, घरी, एकटीनं बघता येतो. ‘मांडीवरच्या खुणा राहतील का’ हा प्रश्न मामांसमोर ती विचारणार नव्हती; सात मिनिटांच्या व्हिडिओत त्याचं उत्तर तिला न विचारता मिळून गेलेलं असतं.

संमतीच्या आणि व्हिडिओच्या नात्याचा एक अगदी वेगळा प्रकार भारतात कायद्यानं आहे, आणि त्याच्याशी याची गल्लत होते. नव्या औषधांच्या चाचण्यांत गरीब, निरक्षर लोकांना न कळता सामील करून घेतल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०१३ साली न्यायालयानं संमती घेण्याच्या प्रक्रियेचंच दृकश्राव्य चित्रण करायला सांगितलं. २०१५ साली नियम आखला गेला आणि २०१९ च्या नव्या औषध व चिकित्सालयीन चाचणी नियमांत तो कायम राहिला. नव्या रासायनिक औषधाच्या चाचणीत दुर्बल गटातली माणसं असतील तर त्यांच्या संमतीचं चित्रण सक्तीचं. त्यातही एक समंजस अपवाद आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोग यांच्या औषधांच्या चाचणीत फक्त आवाज नोंदवायचा. चेहरा कॅमेऱ्यात गेला की त्या माणसाचं गावात जगणं कठीण होईल, हे नियम करणाऱ्यांनी ध्यानात घेतलं. ते चित्रण पुराव्यासाठी असतं, डॉक्टर किंवा कंपनी पुढे काय म्हणेल ते पडताळण्यासाठी. आपण इथे ज्याबद्दल बोलतो आहोत तो व्हिडिओ रुग्णाला दाखवायचा आहे, रुग्णाचा काढायचा नाही.

तरीही पुराव्याचा मोह इथेही शिरतो. ‘पेशंटनं व्हिडिओ पाहिला’ असा शिक्का केस पेपरवर मारला की आपण सुटलो, असं मानणारं रुग्णालय निघायला वेळ लागणार नाही. प्रतीक्षागृहातल्या टीव्हीवर, पंख्याच्या घरघरीत आणि पोरांच्या कलकलाटात, आवाज बंद करून तो चालू ठेवला की काम झालं! याला उतारा एकच आणि तो फुकट आहे. व्हिडिओ संपल्यावर डॉक्टरांनी ‘समजलं ना?’ असं विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. रुग्णालाच सांगायला लावायचं. “ताई, घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय करणारेत म्हणून, तर काय सांगाल?” ताई सांगतात, “मांडीची कातडी काढून इथं लावणार, आठ दिवसांत रंग येणार.” बस, अर्ध्या मिनिटात कळलं की आठ दिवस पट्टीचे आहेत आणि रंगाला महिने लागतात, ही दोन वाक्यं एकमेकांत मिसळली. आता डॉक्टरांना पहिल्यापासून सगळं सांगायचं नाही, तेवढंच सोडवायचं आहे. व्हिडिओनं वाचवलेला वेळ इथे खर्च व्हावा. तो पुढच्या रुग्णाकडे वळवला तर या सगळ्या उपद्व्यापाचा रुग्णाला काही उपयोग नाही.

भाषेचाही विचार लागतो, आणि नुसतं ‘मराठीत’ म्हणून भागत नाही. वृत्तनिवेदकाच्या आवाजातलं ‘स्थानिक बधिरीकरण केल्यानंतर आपणांस वेदना जाणवणार नाहीत’ हे अमळनेरच्या आजीला इंग्रजीइतकंच दूरचं. ‘त्या जागेपुरती भूल देतात. सुई टोचताना चांगलं चुणचुणतं. मग दुखत नाही, पण दाबल्याचं, ओढल्याचं कळत राहतं’ असं साधं बोललं तर ती टेबलावर दचकणार नाही. हा शेवटचा भाग तर फारच कामाचा. ओढल्याची जाणीव झाली की भूल उतरली असं वाटून कितीतरी जण मध्येच हात झटकतात. खानदेशात अहिराणी, सिंधुदुर्गात मालवणी बोलणारी त्याच रुग्णालयातली एखादी सिस्टर आवाज देईल तर स्टुडिओची गरज नाही. फोनचा कॅमेरा, दिवसाचा उजेड आणि कागदावर आधी लिहून काढलेली वाक्यं एवढ्यावर भागतं. ज्याला ऐकू कमी येतं त्याच्यासाठी अक्षरं असलेली दुसरी प्रत ठेवावी. आणि लांबी सहा-सात मिनिटांच्या वर नको, त्यातही तुकडे पाडलेले बरे: काय करणार, काय बिघडू शकतं, न केल्यास काय, घरी गेल्यावर काय.

दाखवायचा कधी, हे बनवण्याइतकंच महत्त्वाचं. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी नसला तरी धास्तावलेला, रजा टाकून आलेला, सोबतीला भावाला घेऊन आलेला माणूस ‘नको’ म्हणण्याच्या अवस्थेत नसतो. तारीख दिली त्याच दिवशी त्याच्या फोनवर व्हिडिओ पाठवावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचं, साखर वाढलेली असल्याचं, आधी कुठे केलॉइड झाल्याचं असं काहीबाही त्याला तो बघताना आठवतं, आणि तो ते फोन करून सांगतो. गोळी मनानं बंद करू नका, हेही त्याच व्हिडिओत सांगितलेलं हवं.

चौथा तुकडा, घरी गेल्यावरचा, सगळ्यात जास्त वेळा बघितला जावा असा असतो. पट्टीतून रक्त आलं तर पट्टी सोडून बघत बसू नका, वरून स्वच्छ कापडानं वीस मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उचलून डोकावू नका, तरी थांबलं नाही तर या नंबरवर फोन करा. हळद-तेल, चुना, टूथपेस्ट काही लावायचं नाही. टाके चेहऱ्यावर पाच ते सात दिवसांनी निघतात, पाठीवर दहा ते चौदा. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असं नाही. तीन आठवड्यांनी त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या पाचव्या हिश्श्याएवढीच असते आणि तीन महिन्यांनी ऐंशी टक्क्यांच्या आसपास जाते. पाठीवरचा तीळ काढलेल्या हमालानं पंधराव्या दिवशी पोतं उचललं तर ती रेघ फाकते, रुंद होते. त्याला महिनाभर काम सोडणं परवडणार आहे का, नसेल तर शस्त्रक्रिया पावसाळ्यात, काम मंद असताना ठेवायची का, हे तारीख ठरवण्याआधी विचारायचं आहे. म्हणून हा शेवटचा तुकडाही सहीच्या आधीच बघायचा. मग केस पेपरवर तीन ओळी लिहायच्या: कुठल्या तारखेची प्रत दाखवली, रुग्णानं काय विचारलं, काय उत्तर दिलं. दुसऱ्या ओळीत ‘काही नाही’ असेल तर सही घेण्याआधी एकदा पुन्हा बसायचं.